एकशे चार गुणांचा नवस

॥ श्री ॥

मुंबई,
४ नोव्हेंबर २०२४

ती. शिवबाई आत्यास,
संस्कृतीचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

तुझी इच्छा शेवटी देवानं नाही, आमच्या कोचनी पुरी केली. शिबिराच्या पहिल्याच दिवशी सगळ्या मुलींचे फोन त्यांनी एका पत्र्याच्या पेटीत टाकले, कुलूप लावलं आणि किल्ली गळ्यात घातली. घरची माणसं फोनवर जेवलीस का, जेवलीस का विचारून पोरींचं लक्ष उडवतात, असं त्यांचं म्हणणं. फेब्रुवारीपर्यंत फोन नाही. तेव्हा आता तुला हवी तशी, समास सोडून लिहिलेली पत्रं येतील. दहापैकी गुण देशीलच, निदान पहिल्याला तरी सात दे. जन्मात तू कुणाला सातच्या वर गेली नाहीस, हे ठाऊक आहे मला.

इथं आम्ही पंचवीस मुली आहोत. पंचवीस एकसारख्या शिडाच्या नावा. नावेत एकटीनंच बसायचं, दोरी ओढायची, वारा फिरेल तसं फिरायचं. एकूण तीन चाचण्या आहेत. तिन्ही झाल्या की देशातून एकच मुलगी आशियाई स्पर्धेला जाणार. बाबांची अट तुला माहीतच आहे. यंदा निवड झाली नाही तर नाव सोडायची आणि रेल्वेच्या परीक्षेला बसायचं. तो फॉर्म आता ऑनलाइन भरतात, तरी बाबांनी होटगीच्या सायबर कॅफेतून छापून आणून देवघरात ठेवलाय. आई रोज त्याच्यापुढं उदबत्ती ओवाळते म्हणे, तिला वाटतं स्तोत्र आहे.

आता खरी बातमी. पहिली चाचणी काल संपली. पाच शर्यतींचे मिळून माझे अकरा गुण झाले, आत्या! अकराच! माझा अजून विश्वास बसत नाहीये, काल जेवणसुद्धा गेलं नाही. माझ्या खोलीत हैदराबादची यास्मीन असते, तिचे एकोणीस. ती कालपासून माझ्याशी धड बोलत नाही. एका मुलीनं कुणावर तरी तक्रार केलीय, तिची सुनावणी व्हायची आहे, तोवर नंबर जाहीर नाहीत. म्हणून बाबांना एवढ्यात काही बोलू नकोस.

कोच म्हणतात, वजन चार किलो वाढव. जोराचा वारा आला की नाव कलते, तेव्हा काठाबाहेर लटकून तिला सरळ दाबून धरावं लागतं. हलकी पोरगी असली की वारा नावेसकट तिला आडवी करतो. तेव्हा शेंगाची चटणी पाठव. भरपूर पाठव, यास्मीन बोलत नसली तरी खाते.

आतोबांना नमस्कार. तुझी माया आहेच, ती वजनासारखी वाढती असू दे.

तुझी,
संस्कृती


मैंदर्गी,
१३ नोव्हेंबर २०२४

चि. संस्कृतीस,
शिवबाई आत्याचे अ. उ. आशीर्वाद.

पत्र पोचलं. एकदा वाचलं, डोळे पुसले, परत वाचलं. अगं, अकरा गुण पडले म्हणून जेवण सोडायचं असतं का? वेडी कुठली. एकतीस वर्षं मी जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवलं, माझ्याइतके नापास कुणी बघितलेत? भीमा म्हणून एक मुलगा होता, त्याला सहामाहीत शंभरात चार पडले होते, त्यातले दोन मी सुवाच्य अक्षराचे दिले होते. आज त्याचं अक्कलकोट रोडला टायरचं दुकान आहे आणि मला बघितलं की गिऱ्हाईक सोडून उठून उभा राहतो. तेव्हा खचायचं नाही.

आणि ती यास्मीन एकोणीस गुणांवर एवढा ताठा दाखवते? काय मोठे दिवे लावले तिनं? पस्तीसला पास. तिला सांगू नकोस, पण माझ्या लेखी तुम्ही दोघी एकाच बाकावरच्या.

तुझा बाबा रविवारी आलाच. मी काही बोलणार नव्हते, पण चहाची बशी हातात धरून त्यानं सरळ विचारलं की पोरीचे गुण किती. मी घाबरले. मला तो फॉर्म दिसायला लागला. मी सांगून टाकलं की नव्वद. अगं, एकतीस वर्षांत कुणाच्या पेपरात एक गुण खोटा वाढवला नाही मी, सरपंचाच्या नातवाच्यासुद्धा नाही, आणि तुझ्यासाठी एका दमात एकोणऐंशी वाढवले. बाबानं बशी पालथी घातली आणि तो पुढची गाडी पकडून गेला.

मग मला चैन पडेना. सोमवारी एस.टी. धरून सोलापूरला गेले आणि सिद्धेश्वराला नवस बोलून आले. तुझे आतोबा म्हणाले की गावातला मारुती जवळ आहे, त्याला बोल, तिकीट वाचेल. पण मारुतीला पाण्यातलं काय कळणार? त्यानं समुद्र उडी मारून ओलांडला, नावेत बसून नव्हे. सिद्धेश्वर तळ्याच्या मधोमध बसलेला देव, चहूबाजूंनी पाणी. मी हात जोडून स्वच्छ सांगितलं की पुढच्या चाचणीत आमच्या संस्कृतीचे गुण शंभराच्या वर जाऊ देत, एक्कावन्न शेंगापोळ्यांचा नैवेद्य दाखवीन. शंभर हा आकडा दोनदा उच्चारला, गोंधळ नको म्हणून.

चटणी दोन किलो पाठवली आहे, कडक भाकरी वेगळ्या डब्यात. रोज सकाळी अर्धा तास बेरजेचा सराव कर, नावेतही उपयोगी पडतो. पत्राला सहा. समास बरोबर आहे, पण अक्षर वाऱ्यावर गेलंय.

आमचा जीव तुझ्यापाशी आहे, हे तुला पत्रातून सांगायला लागू नये.

आत्या


गोवा,
१ डिसेंबर २०२४

ती. आत्यास,
शि. सा. नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र मिळालं नाही. तू टाकलं असशील तर ते मुंबईच्या वसतिगृहात वॉचमनच्या टेबलावर पडलं असेल, कारण आम्हाला दुसऱ्या चाचणीसाठी पंधरा तारखेलाच इकडं आणलं. परत गेल्यावर वाचीन. तू मात्र उत्तर मुंबईलाच टाक.

आत्या, काय लिहू? पहिल्या दोन शर्यतींत भोंगा वाजायच्या आधीच माझी नाव रेषेच्या पलीकडं गेली. दोन्ही वेळा बाद. तिसरीत एका कोळ्याच्या जाळ्यात सुकाणू अडकलं आणि नाव उलटली. कलली नाही, पार उलटली. शीड खाली, बूड वर, मी मधे. नाकातोंडात खारं पाणी. जाळ्याचा मालक होडीत उभा राहून मला कोकणीत काहीतरी म्हणत होता, ते बहुतेक शुभेच्छा नव्हत्या. मग मी नावेच्या बुडावर चढले, मधल्या फळीला लोंबकळले, हळूहळू सरळ केली, आणि तशीच ओलीचिंब परत शर्यतीत गेले. बाविसावी आले. पुढच्या दोन्ही शर्यतींतही मागंच राहिले.

सगळे मिळून एकशे चार गुण. एकशे चार, आत्या! माझ्या आयुष्यात असं कधी झालं नव्हतं. रडू थांबतच नाहीये. यास्मीन मात्र आता फार गोड वागते, माझ्या पाठीवरून हात फिरवत बसते. अब बस कर गे, रो नक्को, म्हणते, आणि मी घरून आणलेली उरलीसुरली चटणी संपवते.

बाबांना हे कसं सांगू? आता एकच चाचणी उरली. तूच काहीतरी सांग त्यांना, मला तर शब्द सुचत नाहीत.

जमेल तेवढी माया धाडून दे, इथं कमी पडायला लागली आहे.

तुझी,
संस्कृती


मैंदर्गी,
११ डिसेंबर २०२४

चि. संस्कृतीस,
आशीर्वाद, आशीर्वाद आणि आशीर्वाद!

अय्यो माझ्या बाई! एकशे चार! रडू येणारच की, मलाही आलं. पत्र हातात घेऊन मी ओट्यावर उभी राहून मोठ्यानं वाचलं. दोनदा बाद होऊन, एकदा उलटून एकशे चार! म्हणजे बाद झाली नसतीस तर दोनशेच्या घरात गेली असतीस की गं. आणि ती यास्मीन बघ कशी मऊ झाली. गुण वाढले की माणसं पाठीवरून हात फिरवतातच.

तुझ्या आतोबांना मात्र कशाचं कौतुक नाही. वर्तमानपत्रातून तोंडही न काढता म्हणाले की एकशे चार म्हणजे ताप असतो. मी लक्ष दिलं नाही.

दुसऱ्याच दिवशी शेंगापोळ्यांना बसले. मोजून एक्कावन्न केल्या. देवाला ठेवल्या, पाच तिथं वाटल्या, वीस तुझ्याकडं या पत्रासोबत पाठवते आहे, प्रसाद आहे, सगळ्या तूच खायच्या. बाकीच्या गावात वाटल्या. आणि वाटताना कुणीतरी विचारणारच, मग सांगावंच लागलं. संध्याकाळपर्यंत हिंदुरावांच्या कानावर गेलं. हिंदुराव म्हणजे आपले माजी उपसरपंच, त्यांना फ्लेक्स लावायला नुसतं निमित्त लागतं. मागच्या महिन्यात त्यांनी स्वतःच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनचा लावला होता. आता स्टँडसमोर पंधरा फुटी फ्लेक्स लागलाय. वर लिहिलंय, मैंदर्गीची भाची, समुद्राची वाघीण, कु. संस्कृती पंचाक्षरी बिराजदार हिचे तब्बल १०४ गुण मिळवल्याबद्दल हार्दिक अभिनंदन. नावेचा फोटो मिळाला नाही म्हणून त्यांनी चार मजली जहाज टाकलंय. शुभेच्छुकांची तेवीस तोंडं आहेत, तुझं तोंड खाली उजवीकडं, तिकिटाएवढं. पण ओळखू येतं.

सगळ्यात मोठी गोष्ट शेवटी सांगते. तुझं पत्र आल्यावर बाबाला मी बोलावून घेतलं आणि सगळं पत्र त्याला वाचून दाखवलं. तो खाली मान घालून ऐकत होता. संपल्यावर त्यानं परत एकदा वाचायला लावलं. आणि परवा तुझ्या आईचा निरोप आला की होटगीला गेल्या गेल्या त्यानं देवघरातला तो फॉर्म काढला आणि फाडला! ऐकलंस? फाडला! सिद्धेश्वरानं माझा शब्द झेलला गं.

पत्राला सात. साडेसात देणार होते, पण आनंदाच्या बातमीत इतकी खिन्न भाषा शोभत नाही.

अशीच गुण वाढवत राहा, आम्ही इकडं पोळ्या लाटत राहतो.

आत्या


मुंबई,
२० डिसेंबर २०२४

ती. आत्यास,
शि. सा. नमस्कार.

काल परत आले आणि वॉचमनकाकांनी तुझी दोन्ही पत्रं एकदम हातात दिली. मी आधी पहिलं वाचलं, मग दुसरं, मग जिन्यावरच बसले. यास्मीननं विचारलं की घरी कुणी गेलं की काय. मी हसत होते की रडत होते, तिला कळेना. मलाही कळत नव्हतं.

आत्या, आता पाटावर नीट बस. पाणी पी. बसलीस?

आमच्या खेळात पहिल्या नंबराला एक गुण मिळतो. दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन, पंचविसावीला पंचवीस. जी बाद होते तिला सव्वीस. शेवटी बेरीज करतात आणि जिची बेरीज सगळ्यात कमी, ती जिंकते.

म्हणजे अकरा गुण घेऊन मी पहिली आले होते. एकोणीसवाली यास्मीन दुसरी. म्हणून ती बोलत नव्हती. आणि एकशे चार घेऊन मी कितवी आले ते तुला सांगत नाही, स्टँडसमोर लावायला हिंदुरावांकडं तेवढा फ्लेक्स शिल्लक नसेल.

तुझ्या देवानं नवस ऐकला गं! अगदी शब्दाला शब्द! शंभराच्या वर म्हणालीस, त्यानं चार वरकड दिले. माझा या गोष्टींवर विश्वास नाही, पण ते जाळं कुठून आलं याचा मी काल बराच वेळ विचार केला.

आता घाबरू नकोस. एक नियम आमच्या बाजूचा आहे. तिन्ही चाचण्यांतली प्रत्येकीची सगळ्यात वाईट चाचणी सोडून देतात, उरलेल्या दोनांचीच बेरीज धरतात. म्हणजे ते एकशे चार पुसले जातील. पण मग शेवटच्या चाचणीत मला चुकायला जागा नाही. यास्मीनचे दुसऱ्या चाचणीत चौदाच झाले आहेत.

मला खरी धास्ती बाबांची वाटते. त्यांनी एकशे चारच्या आनंदात फॉर्म फाडला असेल, तर खरं कळल्यावर दुसरा छापून आणतील. खोटं सांगून मात्र मला नावेत बसायचं नाही. तू जाऊन त्यांना सगळं सांग. हे तुझ्याच्यानंच होईल.

पोळ्या पोचल्या. यास्मीनला गोड चालत नाही, तेव्हा वीसच्या वीस माझ्याच.

रागावले नाहीये. माया होती तेवढीच आहे, फक्त तिचा आकडा वाचायचा कसा ते एकदा शिकून घे.

तुझी,
संस्कृती


मैंदर्गी,
३ जानेवारी २०२५

चि. संस्कृतीस,
आशीर्वाद.

पाटावर बसले होते तरी पडले. एकतीस वर्षं गणित शिकवलेली बाई मी. कसला म्हणून हा खेळ, जिथं पहिल्या नंबराला एकच गुण! तुझे आतोबा वर्तमानपत्रामागून फक्त एवढंच म्हणाले की ताप उतरलेला बरा असतो. त्यांच्याशी मी दोन दिवस बोलले नाही, ते बरोबर बोलले होते म्हणून.

सोन्या, माझ्यामुळं तू त्या जाळ्यात पडलीस असं मला वाटतं आणि वाटत राहणार. तू हस, हसायचं तर. मला पाण्याखाली डोकं गेलेली तूच दिसतेस.

मी लगेच सोलापूर गाठलं. पुजाऱ्यांना विचारलं की नवस परत घेता येतो का. ते म्हणाले, फळलेला नवस परत कसा घेणार, पोळ्या तर वाटून झाल्या. मग मी नवा नवस लिहूनच नेला होता, तो काढला. या वेळी गफलत नको म्हणून सविस्तर लिहिला होता. येथे गुण म्हणजे शर्यतीतले गुण समजावेत, ते जितके कमी तितके उत्तम मानावेत, परंतु शून्य नसावेत, कारण शून्याचा अर्थ ती शर्यतीला गेलीच नाही असाही होऊ शकतो, वगैरे. दीड पान झालं होतं. मी दुसऱ्या कलमापर्यंत आले तेव्हा मागच्या रांगेतला एक माणूस ओरडला की बाई, हे देऊळ हाय का कोर्ट. पुजारी हसले आणि म्हणाले की देवाला समजतं, तुम्ही नुसतं डोकं टेका. मग मी कागद चुरगाळला. नवस बोललेच नाही. पोरीला पाण्यातून सुखरूप बाहेर काढत जा, एवढंच म्हटलं आणि बाजूला झाले.

फ्लेक्सचं ऐक. हिंदुरावांना मी खरं सांगितलं. ते म्हणाले, फ्लेक्स उतरवला तर विरोधी पार्टी नाचेल. म्हणून त्यांनी एकाच्या आकड्यावर पांढरा कागद चिकटवला. आता तिथं तब्बल ०४ गुण असं दिसतं. विरोधी पार्टीनं ग्रामसभेत प्रश्न विचारला की आधीचे शंभर गुण गेले कुठं, चौकशी झालीच पाहिजे.

उद्या होटगीला जाऊन बाबाला सांगते. एकोणऐंशी गुणांचं खोटंही सांगून टाकते. त्यानं दुसरा फॉर्म आणला तर मी त्याच्या दारात बसून राहीन, धाकटा आहे तो माझ्याहून.

या वेळी पत्राला गुण देत नाही. मला अधिकार राहिला नाही.

आत्याच्या अकलेवर जाऊ नकोस, तिच्या जिवावर जा.

शिवबाई


होटगी,
८ जानेवारी २०२५

चि. संस्कृती,
बापाचा आशीर्वाद.

मी पत्र लिवत न्हाय, तुला ठाव हाय. शेवटचं लिवलं तवा तुझ्या आईला लिवलं हुतं, लगीन ठरल्यावर. तिनं अजून उत्तर दिलं न्हाय.

शिवाक्का येऊन गेली. लई रडली. तिनं मला कागदावर आकडे काढून दोन तास समजावलं. मला पयल्या मिन्टातच कळलं हुतं, पर तिला बोलू दिलं. यात अवघड काय हाय? हितं स्टेशनात गाडीपुढं उशिराची मिन्टं लिवत्यात. जिची कमी, ती चांगली. एकशे चार मिन्टं लेट म्हनून कोन पेढे वाटतंय का. शिवाक्कानं नव्वद सांगितलं तवा बी मला खरं वाटलं न्हवतं. तिला खोटं बोलाय येत न्हाय, बोलताना पदर चावती.

तिला वाटतंय मी एकशे चार ऐकून फारम फाडला. तुला बी तसंच वाटत आसंल. तर ऐक. मला एकशे चार बी कळत नव्हतं आन अकरा बी. तिनं तुझं पत्र वाचलं, त्यात तू लिवलंस की नाव उलटली, तू बुडावर चढलीस, सरळ केलीस आन तशीच परत शर्यतीत गेलीस. ते मी दोनदा वाचाय लावलं. माझ्या डोळ्यापुढनं ते हलंना. मी म्हनलं, जी पोरगी उलटल्यावर माघारी येत न्हाय, तिला मी फारम भरून कुटं बशीवनार हाय. घरी आलो आन फाडला. आता दुसरा आननार न्हाय. निवड झाली तर झाली. न्हाय झाली तर फुडल्या वर्षी बघू.

तुझी आई इचारती, त्या स्तोत्राचं काय केलं. मी सांगितलं न्हाय. आर्धा कागद उरला हुता, त्यात चटणी बांधून धाडली हाय.

पान्यात जपून. जेव.

तुझा बाप,
पंचाक्षरी


मुंबई,
३ फेब्रुवारी २०२५

ती. आत्यास,
शि. सा. नमस्कार. वि. वि.

आधी बाबांना सांग की त्यांचं पत्र मी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून जॅकेटच्या आत ठेवलं होतं, पाचही शर्यतींत. यास्मीनला वाटलं मंतरलेला ताईत आहे. तिनं तक्रार करू का विचारलं, मग वाचायला मागितलं, आणि वाचून झाल्यावर पिशवीची गाठ स्वतः घट्ट मारून दिली.

आता शर्यतीचं. चार शर्यती झाल्या तेव्हा सगळी बेरीज धरून यास्मीन माझ्यापेक्षा एका गुणानं पुढं होती. पुढं म्हणजे कमी, हे आता तुला सांगायला नको. शेवटच्या शर्यतीच्या सकाळी वारा सुटला. साधा नाही, कोचनी टोपी धरली तर चष्मा गेला असा. भोंग्याच्या आधी मी मुद्दाम दोन नावा मागं थांबले. बाद होण्यापेक्षा उशिरा निघालेलं बरं.

आणि मग, आत्या, तुझ्या पोळ्या कामाला आल्या. वजन साडेतीन किलो वाढलं होतं. बाकीच्यांच्या नावा कलंडत होत्या, शिडं फडफडत होती, आणि मी काठाबाहेर लटकून माझी नाव सपाट दाबून धरली होती. नवसाच्या वीसच्या वीस पोळ्या एका बाजूला आणि अरबी समुद्राचा वारा दुसऱ्या बाजूला. वारा हरला. शेवटच्या वळणावर यास्मीनची नाव एकदा जोरात कलली, तेवढ्यात आम्ही दोघी पुढं निघून गेलो. दोघी म्हणजे मी आणि चेन्नईची एक मुलगी, तिला मी रेषेवर मागं टाकलं. यास्मीन तिसरी आली.

तिची बेरीज चोवीस. माझी तेवीस.

मी एप्रिलमध्ये आशियाई स्पर्धेला चालले आहे, आत्या. एका गुणानं.

यास्मीन पाच मिनिटं रडली आणि मग म्हणाली की फुप्पूने रोटियाँ भेजे तो अगले साल मैं भी खाती. फुप्पू म्हणजे आत्या, तू. तिला मीठा चालत नाही हे खोटं होतं, वजन वाढेल म्हणून घाबरत होती. तिच्यासाठी वेगळ्या पंचवीस कर.

पेटीचं कुलूप उघडलं, फोन परत मिळाला. पण ही बातमी मी फोनवर सांगितली नाही, पत्रातच लिहिली. तू गुण द्यायचं थांबवलंस ते मला आवडलं नाही. आत्यानं गुण दिले नाहीत तर पत्र टाकल्यासारखं वाटत नाही. तेव्हा या पत्राला दे. कितीही दे.

उलटले तरी तुमचीच, सरळ झाले तरी तुमचीच,
संस्कृती


मैंदर्गी,
११ फेब्रुवारी २०२५

चि. संस्कृतीस,
आत्याचे आणि आतोबांचे अ. उ. आशीर्वाद.

पत्र पोचलं. या वेळी गावात कुणाला सांगण्याआधी बेरीज तीनदा करून बघितली. अकरा आणि बारा तेवीस. बरोबर आहे. तुझा बाबा इथंच होता. त्यानं पत्र माझ्या हातातून घेतलं आणि एकेक अक्षर लावत स्वतः वाचलं, आणि मग खिडकीकडं तोंड करून उभा राहिला. आतोबांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. लग्नाला एक्केचाळीस वर्षं झाली, ते मी दुसऱ्यांदा बघितलं.

हिंदुराव आकडा विचारायला आले होते. मी सांगितलं की आकडा टाकायचाच नाही, नुसतं पहिली असं लिहा आणि तोंडं कमी करा. ते तयार झालेत, पण जहाज तेच ठेवणार म्हणतात, पैसे दिलेत म्हणून.

यास्मीनच्या पंचवीस पोळ्या झाल्या आहेत. तुझ्या पन्नास. सिद्धेश्वरालाही पाच ठेवून आले, कसलाही नवस न बोलता.

शाळेत आणि शाळेबाहेर मिळून हजारो कागद तपासले, कुणालाही सातच्या वर दिले नाहीत, कारण सातच्या वर द्यावं असं काही माझ्या हाती आलंच नव्हतं. तुझं हे पत्र दोनदा तपासलं. लाल पेन घेतलं, कोपऱ्यात गोल काढला, आणि मनापासून लिहिलं :

गुण – १.

तुझी,
आत्या